वॉल लीक, छोटी चीर आणि पुढची वीस वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात हार्ट-लंग मशीन चालवते, म्हणजे ऑपरेशनच्या वेळात हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करणारं यंत्र. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या मागे, नळ्यांच्या जंजाळात, डोळे मॉनिटरला लावून जी बाई बसलेली असते ती मी. हे काम करणाऱ्याला परफ्युजनिस्ट म्हणतात. आम्ही तिथे असतो हे बहुतेक नातेवाइकांना ठाऊकही नसतं. तरी ओळखीपाळखीतून फोन येतात, टू-डी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचे वाकडेतिकडे फोटो येतात, रात्री साडेअकराला व्हॉइस नोट येते. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: चीर किती मोठी? माझ्या मते तो पाचवा-सहावा प्रश्न असायला हवा, म्हणून इथेही तो तिथेच ठेवलाय. कुणाचा रिपोर्ट पाहून मी उपचार सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं मात्र इथून घेऊन जा.

१. डॉक्टर म्हणून राहिले की 'वॉल लीक आहे'. म्हणजे नेमकं काय झालं?

हृदयात चार झडपा असतात. आपण त्यांना बोलताना 'वॉल' म्हणतो. या झडपा एकाच बाजूला उघडतात, रक्त पुढे गेलं की मिटतात. दिवसाला साधारण एक लाख वेळा ही उघडमीट चालते. झडप नीट मिटली नाही की पुढे गेलेलं रक्त मागे येतं, आणि तेच रक्त हृदयाला पुन्हा ढकलावं लागतं. फुटक्या पोहऱ्यानं विहिरीतून पाणी शेंदावं तसं. काही वर्षं हृदय निभावून नेतं, मग ते फुगायला लागतं.

रिपोर्टमधली अक्षरं अशी वाचा: एमआर म्हणजे मायट्रल झडपेची गळती (ही झडप डावीकडच्या दोन कप्प्यांमध्ये असते), एआर म्हणजे एओर्टिकची (डावा कप्पा आणि शरीरभर रक्त नेणारी महाधमनी यांच्यामधली), टीआर म्हणजे ट्रायकस्पिडची (उजवीकडच्या दोन कप्प्यांमधली). शेवटी 'एस' असेल, जसं एमएस, तर ती झडप अरुंद झालेली आहे. तो वेगळा आजार, पण एकाच झडपेत दोन्ही असू शकतात. आणि 'नस ब्लॉक' हा तिसराच प्रकार. ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचं दुखणं, झडपेचं नाही.

२. आमच्या घरात कुणालाच हार्टचा त्रास नाही. मग पस्तिसाव्या वर्षी वॉल खराब कसा?

आपल्याकडे याचं मोठं कारण बालपणात दडलेलं असतं. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखतो. पुढे काही मुलांना सांधे सुजून ताप येतो. त्याला रुमॅटिक ताप म्हणतात. त्यात शरीराची जंतूंशी लढणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच झडपांवर उलटते. ताप उतरतो, सांधे बरे होतात, घरचे विसरून जातात. झडपेवरचे व्रण मात्र जाडजूड होत राहतात आणि पंधरा-वीस वर्षांनी जिना चढताना दम लागतो.

दुसरी कारणं: झडपेचा पडदा सैल होऊन मागे लोंबणं किंवा तिला धरून ठेवणारा दोरा तुटणं, झडपेला जंतुसंसर्ग होणं, हार्ट अटॅकनंतर हृदय फुगून झडपेच्या कडा एकमेकींपासून दूर जाणं. कारण कोणतं हे महत्त्वाचं, कारण दुरुस्ती की बदल हे पुष्कळसं त्यावरच ठरतं (प्रश्न १०).

३. रिपोर्टवर 'माइल्ड एमआर', 'ट्रिव्हियल टीआर' लिहिलंय. ऑपरेशन लागेल का?

ट्रिव्हियल गळती तर ठणठणीत माणसांच्या एकोमध्येही दिसते. माइल्डसाठी कुणी ऑपरेशन करत नाही, ठरावीक अंतरानं एको करत राहायचा. चर्चा 'सिव्हिअर', म्हणजे तीव्र गळतीपासून सुरू होते.

४. मला तर काहीच होत नाही, रोज फुटाळा तलावाला फिरायला जातो. तरी डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. घाई कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. गळक्या झडपेचं हृदय वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. त्रास सुरू होतो तोवर कधी कधी स्नायू कायमचा सैल पडलेला असतो. मग झडप नवी बसते, पण हृदय जुनंच राहतं.

म्हणून डॉक्टर दोन आकडे बघतात. एक म्हणजे हृदयाची पंपिंग, म्हणजे ईएफ: दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं. दुसरा, आकुंचन पावल्यावर डाव्या कप्प्याचं माप. मायट्रल गळती तीव्र असताना ईएफ ६० टक्के किंवा त्याखाली आली, किंवा ते माप ४० मिलिमीटरला पोचलं, की त्रास नसला तरी ऑपरेशनचा विचार होतो. एओर्टिक गळतीत हे आकडे साधारण ५५ टक्के आणि ५० मिलिमीटर. इथे लोक फसतात. 'पंपिंग ५८ आहे, म्हणजे चांगलीच की' असं वाटतं. पण मायट्रल गळतीत थोडं रक्त सोप्या वाटेनं मागे पळत असतं, म्हणून पंपिंग खऱ्यापेक्षा चांगली दिसते. ५८ ही इथे घसरण आहे.

आणि 'त्रास नाही' हेही तपासून पाहा. पूर्वी फुटाळ्याला दोन फेऱ्या व्हायच्या, आता एक होते, आणि आपण म्हणतो 'वय झालं'. दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, रात्री दम लागून उठावं लागतं, संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट होतो, छातीत अधूनमधून धडधड होते. हा सगळा त्रासच.

५. गोळ्यांनी लीक बंद होत नाही का?

फाटलेली, आखडलेली झडप गोळीनं सांधत नाही. लघवीच्या गोळ्यांनी फुप्फुसातलं पाणी कमी होतं, दम कमी लागतो. एक अपवाद आहे: हृदय फुगल्यामुळे जी गळती होते, ती हृदयाची औषधं नीट चालू केल्यावर कमी होऊ शकते. अशा रुग्णात आधी काही महिने औषधांना वेळ देतात.

६. छोट्या चिरेचं ऑपरेशन म्हणजे दुर्बिणीचं ना? मग हृदय थांबवत नसतील.

थांबवतात. चीर छोटी असली तरी आतलं काम तेच असतं, आणि इथे माझं काम सुरू होतं.

मायट्रल झडपेसाठी उजव्या बाजूला, छातीखालच्या घडीत, दोन बरगड्यांच्या मधून साधारण ५ ते ७ सेंटिमीटरची चीर घेतात. बाजूच्या बारीक छिद्रातून कॅमेरा आत जातो. एओर्टिक झडपेसाठी बहुधा छातीच्या मधल्या हाडाचा फक्त वरचा भाग कापतात, किंवा उजवीकडे वरच्या बरगड्यांमधून जातात. चीर एवढीशी असल्यावर माझ्या मशीनच्या जाड नळ्या तिथून आत जाऊ शकत नाहीत. म्हणून जांघेतल्या शिरेतून आणि धमनीतून नळ्या घालतात. शिरेतून काळपट रक्त माझ्याकडे येतं, मशीन त्यात प्राणवायू भरतं, धमनीतून ते परत शरीरात जातं. त्या वेळात फुप्फुसाचं आणि हृदयाचं काम मशीन करतं. माणसावर असं मशीन पहिल्यांदा यशस्वी झालं १९५३ साली, अमेरिकेत जॉन गिबन यांच्या हातून. तत्त्व आजही तेच आहे.

मग महाधमनीला चिमटा लावून हृदयाला पोटॅशियम असलेलं थंड द्रावण देतात. हृदय शांत होतं. एओर्टिक झडप गळकी असेल तर हे द्रावण नेहमीच्या वाटेनं दिलं की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जायचं सोडून गळक्या झडपेतून कप्प्यातच पडतं आणि हृदय फुगवतं. म्हणून अशा वेळी ते थेट रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी किंवा उलट्या बाजूनं, शिरेतून देतात. काम झालं की कप्प्यातली हवा काढायची, चिमटा सोडायचा. बहुतेक वेळा हृदय आपलं आपणच धडधडायला लागतं, कधी एखादा शॉक लागतो. इतकी वर्षं झाली, त्या अर्ध्या मिनिटात थिएटरमध्ये अजून कुणी बोलत नाही.

७. मग छोट्या चिरेचा फायदा काय?

छातीचं मधलं हाड पूर्ण कापावं लागत नाही, हा खरा फायदा. रक्त कमी जातं, रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो, बरगड्यांमधून चीर असेल तर हाड जुळण्याची वाट पाहावी लागत नाही, व्रण झाकला जातो. तरुण मुलींसाठी हे शेवटचं लहान नाही, उगाच नाकं मुरडू नयेत.

पण पुढचंही ऐका. मशीनवरचा आणि हृदय थांबलेला वेळ छोट्या चिरेत सहसा जास्त लागतो. बरगड्यांमधली नस दुखावल्यानं काहींना सुरुवातीला बऱ्यापैकी कळ येते. जांघेतल्या जखमेचे प्रश्न वेगळेच. ब्रिटनमध्ये मायट्रल झडपेच्या दुरुस्तीसाठी आलेल्या ३३० रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या गेल्या, तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी छोट्या चिरेवाले पुढे होते, बारा आठवड्यांनी दोघांची हालचाल सारखीच होती. म्हणजे फरक आहे, पण तो पहिल्या दोन-तीन महिन्यांचा. झडप कोणती बसवली, दुरुस्त झाली का, गोळी नीट घेतली का, हा फरक वीस वर्षांचा असतो. छोट्या चिरेसाठी चांगल्या दुरुस्तीवर पाणी सोडू नका. सर्जनना थेट विचारा: 'अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? मध्येच मोठी चीर घ्यावी लागली तर?' चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

८. छोटी चीर कुणाला चालत नाही?

जांघेतल्या किंवा पोटातल्या धमन्या चुन्यानं (साठलेल्या कॅल्शियमनं) कडक झाल्या असतील, महाधमनी खराब असेल, सोबत बायपासही करायची असेल, तर बहुधा मोठीच चीर बरी. आपल्या भागात आणखी एक कारण वारंवार निघतं: पूर्वी टीबीमुळे उजव्या फुप्फुसाला पाणी झालेलं असतं आणि फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं असतं. रुग्ण हे सांगत नाही, कारण 'तो आजार तर बरा झाला'. कृपा करून सांगा. नकार मिळाला म्हणजे सर्जन कच्चा, असं नाही. उलट 'सगळ्यांचंच छोट्या चिरेतून करतो' असं कुणी म्हणालं तर मी जरा थबकेन.

९. मांडीतून तार टाकून वॉल बसवतात म्हणे. चीरच नको, तेच करून टाका.

ते तंत्र खरं आहे. २००२ साली फ्रान्समध्ये रूआँ इथे आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा अशी एओर्टिक झडप बसवली. आता गुजरातमधल्या वापीची मेरिल ही कंपनीही अशी झडप बनवते. पण ते तंत्र निघालं अरुंद झालेल्या झडपेसाठी. तिथे जुन्या झडपेवर चुना साठलेला असतो, नवी झडप त्यालाच घट्ट पकडून बसते. नुसत्या गळक्या झडपेत चुना नसतो, कडा मऊ असतात, नवी झडप सरकू शकते. म्हणून शेजारच्या काकांचं झालं, तुमचं होईलच असं नाही. गळतीसाठी खास घडवलेल्या झडपाही निघाल्या आहेत, पण निवडक रुग्णांसाठी आणि निवडक ठिकाणी.

मायट्रल गळतीसाठी क्लिप असते. शिरेतून जाऊन झडपेच्या दोन पडद्यांना मधोमध चिमटा लावतात, गळती कमी होते. वय फार असेल, ऑपरेशनचा धोका मोठा असेल, तर हा चांगला मार्ग. रुमॅटिक झडप जाड आणि आखडलेली असते, तिथे क्लिप सहसा जमत नाही. खर्च उघड्या ऑपरेशनच्या कितीतरी पट.

१०. बदलायचाच का? दुरुस्त होत नाही?

मायट्रल झडप सैल पडली असेल किंवा दोरा तुटला असेल तर आधी दुरुस्तीच विचारा. स्वतःची झडप राहते, आयुष्यभराची गोळी टळू शकते. रुमॅटिक झडप दुरुस्त होणं अवघड, झाली तरी किती वर्षं टिकेल याचा भरवसा कमी, म्हणून आपल्याकडे बदलण्याचं प्रमाण जास्त. एओर्टिक झडप बहुधा बदलावीच लागते.

११. धातूचा वॉल बसवू की जनावराचा?

ज्याला आपण धातूचा म्हणतो त्याच्या पाकळ्या आज बहुधा एका खास, अतिशय कठीण कार्बनच्या असतात. १९६० सालची स्टार-एडवर्ड्स झडप म्हणजे पिंजऱ्यात उड्या मारणारा चेंडू होता, तिथून इथवर आलो. आपल्या देशाची झडपही आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत घडलेली चित्रा झडप १९९० साली पहिल्यांदा माणसात बसवली गेली आणि हजारो गरीब रुग्णांच्या आवाक्यात आली.

यांत्रिक झडप झिजत नाही म्हटलं तरी चालेल, पण तिच्यावर रक्ताची गुठळी बसू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मरेपर्यंत. जैविक झडपेला, म्हणजे गायीच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवलेल्या झडपेला, ही गोळी सहसा पहिले तीन ते सहा महिनेच लागते. नाडी अनियमित असेल तर पुढेही. पण ती साधारण दहा ते पंधरा वर्षांत झिजते, तरुण वयात आणखी लवकर. मग दुसरं ऑपरेशन, किंवा काहींना जुन्या झडपेच्या आतच तारेनं नवी झडप.

ढोबळ रीत अशी की पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीच्या पुढे जैविक, मधल्या वयात चर्चा करून. मी त्यात एक प्रश्न घालते, आणि तो डॉक्टरही विचारतात, फक्त घाईत राहून जातो: तुमच्या गावाहून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तपासायला किती वेळ लागतो? गडचिरोलीतल्या भामरागडच्या आतल्या टोल्यावर राहणाऱ्या, पावसाळ्यात पूल पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला यांत्रिक झडप द्यायची तर तपासणीची सोय आधी ठरायला हवी. नागपुरातल्या प्रतापनगरच्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही.

१२. आम्ही माळकरी आहोत. आईच्या हृदयात गायीचं किंवा डुकराचं काही बसवणार हे तिला कसं सांगू?

लपवू नका, आधी सांगा. ही गोष्ट ऑपरेशननंतर फाइलमधून कळली की माणूस आतून तुटतो, हे मी पाहिलंय. प्रक्रिया केल्यावर त्या ऊतीत जिवंत पेशी उरत नाहीत, हे सांगून काहींचं समाधान होतं, काहींचं होत नाही. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी यांत्रिक झडप आहे, तिची किंमत म्हणजे गोळी (प्रश्न १३). डुक्कर चालत नाही पण गाय चालते, किंवा उलट, असंही असतं. झडप मागवताना तसं निवडता येतं. सर्जनला हे सांगायला लाजू नका, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

१३. रक्त पातळ करायच्या गोळीचं एवढं काय? रोज घेतो तर आहे.

वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम ही गोळी म्हणजे दोरीवरून चालणं. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. कुठे आहोत हे दाखवणारा आकडा म्हणजे आयएनआर. एओर्टिक यांत्रिक झडपेला साधारण २ ते ३ आणि मायट्रलला २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सुरुवातीला तपासणी वारंवार होते, आकडा स्थिरावला की महिन्यातून एकदा.

रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्या. कॅलेंडरवर खूण करा. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि गुडघे दुखले म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका, पोटातून रक्तस्राव होतो. जुलाबाची, दाताची, घशाची अँटिबायोटिकं आयएनआर उडवतात. नवं औषध सुरू झालं की चार-पाच दिवसांत आयएनआर बघा. काढे आणि जडीबुटीलाही हाच नियम. 'नैसर्गिक आहे' या शब्दानं आयएनआरला फरक पडत नाही.

आता आणखी एक विचारणा वाढली आहे: 'नवीन गोळ्यांना तपासणी लागत नाही, त्या चालतील का?' यांत्रिक झडपेला चालत नाहीत. २०१२ साली डॅबिगॅट्रान या नव्या गोळीचा अभ्यास यासाठीच थांबवावा लागला, त्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

१४. पालेभाजी बंद, संत्री बंद, असं कुणी सांगितलं. नागपुरात राहून संत्री बंद?

संत्री खा. मोसंबीही. पालक, मेथी, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते गोळीचा जोर कमी करतं. म्हणून भाजी बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी पालकाची मोठी वाटी, असं नको. खरी काळजी मिठाची घ्या. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, पापड, सांडगे, लोणचं, तर्रीवरचं फरसाण, सावजीचा रस्सा, या सगळ्यांत मीठ बेसुमार, आणि पाय सुजलेल्या माणसाला ते लगेच भोवतं.

१५. मुलगी २४ वर्षांची आहे. वॉल बदलावा लागेल. तिला पुढे मूल होईल का?

होऊ शकतं, पण बेत आधी हवा. वॉरफेरिन गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या वाढीला धोकादायक असतं, विशेषतः दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस असेल तर. ते बंद करावं तर आईच्या झडपेवर गुठळी होण्याची भीती. मग इंजेक्शनं आणि काटेकोर तपासण्या. म्हणून तरुण मुलींना काही वेळा जैविक झडप सुचवतात, ती लवकर झिजणार हे ठाऊक असूनही. दोन वाईटांतून निवड आहे ही. ऑपरेशनआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोला, आणि मुलीला त्या खोलीत बसवा. बाहेर बाकावर नको. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं, गोळी स्वतःहून बंद करायची नाही. सासरी लपवून ठेवलेली गोळी दिवसाआड चुकते, म्हणून लपवणंही नको.

१६. वॉल बदलला. आता पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद करू ना?

नाही. ते रुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून असतं, आणि तो आला तर बाकीच्या झडपांना धोका आहेच. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं ते इंजेक्शन कधी थांबवायचं हे डॉक्टर ठरवतात. बऱ्याच जणांना ते चाळिशीपर्यंत किंवा त्याही पुढे लागतं.

१७. खर्चाचं कसं करावं? योजनेत बसतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी रेशन कार्ड, आधार आणि एकोचा रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा. आधी पैसे भरून नंतर योजना लावू, असा बेत करू नका, मंजुरी आधी लागते.

तीन गोष्टी लेखी विचारा: झडप कोणत्या कंपनीची आणि पॅकेजात आहे का, छोट्या चिरेला लागणाऱ्या खास नळ्यांचे पैसे वेगळे आहेत का, आणि मध्येच मोठी चीर घ्यावी लागली तर बिल कसं बदलेल. एका कुटुंबाला डिस्चार्जच्या दिवशी 'ते सामान बाहेरचं होतं' असं ऐकावं लागलं, त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

१८. नागपुरात कुठे दाखवायचं?

नाव सुचवत नाही. मेडिकलशी, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी, जोडलेल्या सरकारी सुपर स्पेशालिटीमध्ये हृदयरोग आणि हृदय शस्त्रक्रिया असे दोन्ही विभाग आहेत, मिहानला एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची रांग आहे. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळच नाही तर छिंदवाडा, बालाघाटहूनही माणसं इथेच येतात, त्यामुळे सरकारी ठिकाणी थांबावं लागतं. सिव्हिअर गळती असेल तर थांबण्याच्या काळातही औषध आणि तपासणी चालू ठेवा.

१९. किती दिवस दवाखान्यात? गाडी कधी चालवू?

सगळं सुरळीत असेल तर एक-दोन दिवस आयसीयू, एकूण साधारण आठवडा. बरगड्यांमधून चीर असेल तर तीन-चार आठवड्यांत बरेच जण हलक्या कामाला लागतात. मधलं हाड कापलं असेल, अर्धं का होईना, तर दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. सिलिंडर नाही, नातू नाही, कूलरमध्ये ओतायची पाण्याची बादली नाही. दुचाकीचं डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ असलेल्या माणसानं हेल्मेटशिवाय गाडी काढूच नये, डोक्याचा छोटा मारही मोठा ठरतो.

२०. ऑपरेशन मे महिन्यात आलंय. नवतपा उतरू देऊ का?

डॉक्टर म्हणाले 'थांबता येईल' तर थांबा, ते म्हणाले 'नाही' तर ऊन हे कारण होत नाही. रुग्णालयात थंडच असतं, प्रश्न घरी आल्यावर असतो. पारा ४५ च्या पुढे, वरून लघवीची गोळी, वरून 'पाणी कमी प्या' असा सल्ला. अशानं रक्तदाब पडतो, चक्कर येते. पाणी किती मिलिलिटर प्यायचं हे हिवाळ्याचं वेगळं आणि उन्हाळ्याचं वेगळं लिहून मागा. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, झपाट्यानं घटलं तर शरीर सुकतंय. दोन्ही वेळा फोन करा.

२१. मला सिकलसेल आहे. हे ऑपरेशन होईल का?

होतं, पण भरती होताना पहिलं वाक्य हेच असू द्या. विदर्भात सिकलसेल पुष्कळ, आणि माझ्या मशीनशी त्याचा थेट संबंध. शरीर थंड केलं, प्राणवायू कमी पडला, रक्त आम्लधर्मी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वाहिन्या तुंबवतात. म्हणून अशा रुग्णाला आम्ही थंड करत नाही. 'एसएस', म्हणजे पूर्ण आजार, असेल तर आधी किंवा मशीनवर घेतानाच त्याचं बरंचसं रक्त बदलतात. 'एएस', म्हणजे फक्त वाहक, असाल तर सहसा एवढं लागत नाही, पण माहिती हवीच. कधीच तपासलं नसेल तर तपासून घ्या, चाचणी साधी आहे.

२२. दहा वर्षांपूर्वी फुगा टाकून वॉल उघडला होता. आता लीक झाला. तेव्हा चुकलं का?

तसं समजू नका. अरुंद मायट्रल झडप फुग्यानं उघडताना ती थोडी जास्त फाटू शकते, आणि मूळ रुमॅटिक आजारही पुढे चालूच राहतो. त्या फुग्यानं दहा वर्षं मिळाली. आता बहुधा झडप बदलावी लागेल. छाती तेव्हा उघडली नव्हती, त्यामुळे छोट्या चिरेचा विचार होऊ शकतो.

२३. दात काढायचाय. डेंटिस्टला वॉलचं सांगायची काय गरज?

फार गरज. हिरड्यांतून जंतू रक्तात शिरून कृत्रिम झडपेवर घर करतात. म्हणून दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, तो डॉक्टर लिहून देतील. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका. झडप बसवायच्या आधीच दातांची कामं उरकली तर उत्तम. आणि खर्रा? तोंडात जखमा, सडलेल्या हिरड्या, वर तंबाखू. पानठेल्यावरून मशीनपर्यंत येणारी वाट मला रोज दिसते.

२४. टिकटिक आवाज येतो. मेट्रोच्या तपासणीत वाजेल का? एमआरआय चालेल?

यांत्रिक झडपेची टिकटिक शांत खोलीत ऐकू येते, काही आठवड्यांत कान सरावतो. मेट्रो किंवा विमानतळाच्या तपासणीनं झडपेला काही होत नाही. आजच्या बहुतेक झडपांना एमआरआय चालतो, पण झडपेचं कार्ड दाखवा. त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

२५. कशाकशासाठी लगेच धावायचं?

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय उचलेना. अचानक दम कोंडला, किंवा नेहमीची टिकटिक दबली वा बंद झाली. काळी शौच, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार. यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा आणि 'वॉल बदललेला आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' हे आधी सांगायचं.

तापाचं जरा वेगळं आहे. थंडी वाजून येणारा ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, घ्यायला लावा. गोळी आधी पोटात गेली की जंतू कल्चरमध्ये सापडत नाही, आणि झडपेवर बसलेला जंतू कोणता हे कळायला मग आठवडे जातात.